टाइप १, २ की ३? दोन सरासऱ्यांची तुलना करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका शिक्षिकेने आठवीच्या दोन तुकड्या घेतल्या. प्रायोगिक गटाला गणित कृतींतून शिकवलं, नियंत्रित गटाला नेहमीच्या पद्धतीने. दोन्ही गटांत ४०-४० मुलं, दोघांचीही पूर्व चाचणी आणि उत्तर चाचणी झालेली. मार्गदर्शकांनी "टी-मूल्य काढा" एवढंच सांगितलं आहे. एक्सेलचं टी-टेस्टचं सूत्र शेवटी टाइप विचारतं, १ (जोडीने मोजलेले आकडे), २ (दोन वेगळे गट, विखुरलेपणा सारखा) की ३ (दोन वेगळे गट, विखुरलेपणा वेगळा असू शकतो), आणि उत्तरं वेगवेगळी येतात. त्यातलं कुठलं लिहायचं? चाचणी एकपुच्छ (फरक एकाच दिशेला शोधणारी) घ्यायची की द्विपुच्छ (दोन्ही दिशांना शोधणारी)? आणि पी-मूल्य ०.०५ च्या वर गेलं तर "शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो" हे ठरलेलं वाक्य लिहायचं का? (शून्य परिकल्पना म्हणजे दोन गटांत फरक नाही हे गृहीतक.)

आधी उत्तर देतो. प्रायोगिक आणि नियंत्रित गटाची एकमेकांशी तुलना असेल तर टाइप ३. त्याच मुलाच्या पूर्व आणि उत्तर चाचणीची तुलना असेल तर टाइप १. टाइप २ ची गरज तुम्हाला पडणार नाही. चाचणी द्विपुच्छ घ्या. आणि "स्वीकार" हा शब्द प्रबंधातून काढून टाका.

एवढ्यावर थांबलो तर तुमचं टी-मूल्य बरोबर येईल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकण्याची शक्यता तशीच राहील. तुमच्या प्रयोगात टाइपच्या आकड्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, तिच्याकडे येतो. त्याआधी टाइपचं नीट समजून घेऊ, कारण तीन टाइप चालवून बघायचे आणि त्यातला एक निवडायचा, ही सवयच मोडायला हवी. कुठला टाइप लागणार हे माहिती ज्या रीतीने गोळा झाली तिथेच ठरून जातं. आकडे एक्सेलमध्ये भरले जाईपर्यंत निवडण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

दोन गटांच्या सरासरीत फरक हा येणारच. एकाच वर्गातल्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, दोघांना तोच धडा त्याच पद्धतीने शिकवला, तरी सरासऱ्या दशांशापर्यंत जुळणार नाहीत. म्हणून चाचणी विचारते ते असं: शिकवण्याच्या पद्धतीने काहीच फरक पडत नसता, तर नुसत्या चिठ्ठ्यांच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक कितपत वेळा दिसला असता? या "कितपत वेळा"ला पी-मूल्य म्हणतात, आणि ते ०.०५ च्या खाली आलं की निकाल "सार्थक" म्हणायची रीत आहे. पद्धत चांगली असण्याची शक्यता, असा त्याचा अर्थ नाही. आणि टी-मूल्य म्हणजे दिसलेला फरक भागिले त्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे नुसत्या योगायोगाने तो साधारण किती हलू शकतो त्याचं माप. वरचा आकडा, म्हणजे फरक, तिन्ही टाइपांत एकच असतो. सगळा वाद भाजकाचा आहे.

हे समजावताना मी नेहमी एक जुनं उदाहरण घेतो, कारण त्यात माणसं दहाच आहेत आणि सगळं कागदावर करून बघता येतं. कुश्नी आणि पीबल्स या दोघांनी १९०५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कालामाझूच्या मनोरुग्णालयात झोपेच्या औषधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक रुग्णाला दोन्ही औषधं वेगवेगळ्या रात्री दिली होती आणि औषध नसताना लागणाऱ्या झोपेपेक्षा किती तास जास्त झोप लागली ते मोजलं होतं. डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने "स्टूडंट" या टोपणनावाने १९०८ मध्ये जो लेख लिहिला, ज्यातून आजची टी-चाचणी निघाली, त्यात हेच आकडे उदाहरण म्हणून घेतले. औषधांची नावं लिहिताना त्याच्याकडून गफलत झाली होती, म्हणून मी त्यांना पहिलं औषध आणि दुसरं औषध असंच म्हणतो.

पहिल्या औषधाने दहा जणांना मिळालेली जास्तीची झोप, तासांत: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.०, २.०. सरासरी ०.७५.

दुसऱ्या औषधाने, त्याच दहा जणांना, त्याच क्रमाने: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. सरासरी २.३३.

फरक १.५८ तासांचा. आता हे दोन वेगळे गट आहेत असं धरून, म्हणजे वीस वेगळी माणसं होती असं समजून, टाइप ३ चालवा. टी येतो १.८६, पी-मूल्य ०.०७९. टाइप २ ला टी तोच १.८६ आणि पी-मूल्यही ०.०७९. आणि टाइप १ ला? टी ४.०६, पी-मूल्य ०.००२८.

आकडे तेच, सरासऱ्या त्याच, फरक तोच १.५८. एका हिशोबाने "सार्थक नाही", दुसऱ्या हिशोबाने शंकेला फारशी जागा नाही. असं का झालं ते बघायला रुग्णांकडे एकेक करून पाहा. सहावा रुग्ण पहिल्या औषधाने ३.४ तास जास्त झोपला, दुसऱ्याने ४.४. सातवा ३.७ आणि ५.५. ही दोघं कुठल्याही औषधाला दाद देणारी माणसं. चौथा पहिल्याने उलट १.२ तास कमी झोपला, दुसऱ्याने जेमतेम ०.१ जास्त. त्याच्यावर औषधाचा जोर चालतच नाही. माणसामाणसांतलं हे अंतर फार मोठं आहे, आणि दोन औषधांतला फरक त्याखाली दबून जातो. पण एकाच माणसाची दोन्ही औषधं वजा केली की तो माणूसच हिशोबातून निघून जातो. उरतात हे दहा फरक: १.२, २.४, १.३, १.३, ०.०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. एकही उणे नाही. नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच. या दहा फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे विखुरलेपणाचं माप, १.२३, त्याला १० च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी ०.३९. वेगळे गट धरले तेव्हा हीच प्रमाण त्रुटी ०.८५ होती. भाजक निम्म्याहून कमी झाला, टी दुपटीपेक्षा वाढला. स्वाधीनता मात्रा (हिशोबात मोकळे उरलेले आकडे) १८ वरून ९ वर आल्या, पण एवढ्या फायद्यापुढे तो तोटा किरकोळ आहे. गॉसेटने तेव्हा लिहिलं होतं की दुसरं औषध सरस असण्याच्या बाजूने ६६६ ला १ अशी पैज लागेल.

या उदाहरणातली आणखी एक गोष्ट हाताने करून बघा. नवव्या रुग्णाचा फरक ४.६, बाकीच्यांपेक्षा केवढा तरी जास्त. विद्यार्थी मला म्हणतात, "सर, सगळा निकाल या एकावरच उभा आहे, तो काढला की पडेल." काढून बघा. सरासरी फरक १.५८ वरून १.२४ वर येतो, पण टी ४.०६ वरून ५.६६ वर जातो. निकालाच्या बाजूचा सगळ्यात मोठा आकडा काढला आणि निकाल आणखी पक्का झाला! कारण तो आकडा सरासरी जितकी वर ओढत होता, त्याहून जास्त तो प्रमाण विचलन फुगवत होता. याचा अर्थ त्याला काढून टाका असा नाही. ठेवून काय येतं, काढून काय येतं, हे दोन्ही लिहा. आकडा मोठा आहे म्हणून परस्पर गाळायचा नसतो.

आता तुमच्या तक्त्याकडे. तुम्ही प्रायोगिक गटाची उत्तर चाचणी एका रकान्यात आणि नियंत्रित गटाची दुसऱ्या रकान्यात ठेवून टाइप १ चालवला असणार, म्हणून तुम्हाला त्याचंही उत्तर मिळालं. तिथे एक्सेलने काय केलं? पहिल्या ओळीतली दोन मुलं वजा केली, मग दुसऱ्या ओळीतली. म्हणजे एका तुकडीतला हजेरी क्रमांक १ आणि दुसऱ्या तुकडीतला हजेरी क्रमांक १. त्या दोन मुलांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्हीकडे ४० मुलं असल्यामुळे एक्सेलने कुरकुर केली नाही. ३९ आणि ४० असती तर त्याने चूक दाखवली असती आणि तुम्ही वाचला असता.

जोडी ही घडलेली असावी लागते, ती नंतर जुळवता येत नाही. तेच मूल दोनदा मोजलं, तेच शेत दोन हंगामांत मोजलं, जुळी भावंडं घेतली, किंवा प्रयोगाआधीच पूर्व चाचणीच्या गुणांवरून दोन-दोन मुलांच्या जोड्या लावून त्यातलं कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरवलं, तर टाइप १. नाहीतर नाही.

जोडी मोडण्याची चूक किती मोठ्या माणसाकडून होऊ शकते ते सांगतो. चार्ल्स डार्विनने मक्याच्या रोपांचा प्रयोग केला होता, १८७६ मध्ये तो छापला. परपरागित बियांचं एक रोप आणि स्वपरागित बियांचं एक रोप, एकाच वेळी उगवलेली, एकाच कुंडीत समोरासमोर लावलेली. अशा १५ जोड्या. उंचीचे आकडे त्याने आपला आतेभाऊ-मामेभाऊ लागणाऱ्या फ्रान्सिस गाल्टनकडे दिले. गाल्टनने काय केलं, तर दोन्ही रकाने उंचीनुसार स्वतंत्रपणे क्रमाने लावले आणि मग शेजारशेजारच्यांची तुलना केली. रकाने दिसायला सुबक झाले, पण कुठलं रोप कुणाच्या कुंडीत होतं ते पुसलं गेलं. डार्विनने एवढी काळजी घेऊन केलेली रचनाच त्यात गेली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ मध्ये मूळ जोड्या घेऊन हिशोब पुन्हा मांडला.

हीच चूक आजही होते, आणि ती एक्सेलमध्ये दोन क्लिकमध्ये होते. पूर्व चाचणीचा रकाना तेवढा निवडला, चढत्या क्रमाने लावला, मग उत्तर चाचणीचाही तसाच. एक्सेल विचारतं की बाजूचे रकानेही बरोबर हलवायचे का, आणि घाईत "आहे त्यापुरतंच" असं सांगितलं जातं. मग सगळ्यात कमी पूर्वगुणाच्या मुलासमोर सगळ्यात कमी उत्तरगुण येतो, मग ते मूल कुणाचंही असो. असा तक्ता मी प्रबंधांच्या परिशिष्टांत पाहिला आहे. दोन्ही रकाने शिस्तीत चढत जाताना दिसले की समजायचं. खरी मुलं अशी कधीच वागत नाहीत. एखादं मूल पूर्व चाचणीत वर असतं आणि उत्तर चाचणीच्या दिवशी तापाने फणफणलेलं असतं.

फिशरच्या त्या हिशोबातला एक बारकावा ०.०५ च्या रेषेबद्दल बरंच सांगून जातो. १५ जोड्यांतला सरासरी फरक सुमारे २.६ इंच, टी २.१४८. ५ टक्क्यांची सीमा २.१४५. म्हणजे केसाच्या अंतराने पलीकडे, पी-मूल्य ०.०४९७. मग फिशरने प्रत्येक जोडीत कोण उंच हे नाणेफेकीवर सोडलं तर काय होईल, याच्या सगळ्या ३२,७६८ शक्यता मोजल्या. त्यातल्या १,७२६ शक्यतांत एवढा किंवा जास्त फरक येत होता, म्हणजे ५.२७ टक्के. एका रास्त पद्धतीने ४.९७, दुसऱ्या तितक्याच रास्त पद्धतीने ५.२७. ज्याला ०.०५ ही भिंत वाटते त्याला एक निकाल "सार्थक" आणि दुसरा "असार्थक" लिहावा लागेल. दोन्हींतून कळतं ते एकच: पुरावा आहे, पण जेमतेम आहे.

टाइप २ बद्दल थोडक्यात. तो असं धरून चालतो की दोन्ही समष्टींतला (नमुने ज्यांतून घेतले त्या पूर्ण समूहांतला) विखुरलेपणा सारखाच आहे, म्हणून दोन्ही गटांचं प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) एकत्र करून एकच काढतो. गट सारख्या आकाराचे असले की टाइप २ आणि ३ मध्ये फारसं काही बदलत नाही, ते वर दिसलंच. गट असमान असले आणि छोट्या गटात विखुरलेपणा जास्त असला की मात्र टाइप २ फसवतो. समजा एका गटात ४० मुलं, प्रमाण विचलन ५. दुसऱ्यात १० मुलं, प्रमाण विचलन १५. सरासरीतला फरक ७ गुण. टाइप २ ने प्रमाण त्रुटी २.८ येते, टी २.५, पी-मूल्य ०.०२ च्या आत. टाइप ३ ने प्रमाण त्रुटी ४.८, टी १.४६, पी-मूल्य ०.१८ च्या आसपास. दुसरा आकडा खरा आहे. दहाच मुलं आणि तीही एवढी विखुरलेली असताना त्यांच्या सरासरीवर एवढा भरवसा ठेवता येत नाही, हे टाइप २ ला कळत नाही, कारण त्याने दोन्ही गट एका भांड्यात ओतलेले असतात.

आधी विखुरलेपणाची चाचणी करा आणि मग २ की ३ ठरवा, असं जुन्या पुस्तकांत असतं. एसपीएसएस हे सॉफ्टवेअर तर लेव्हीनची, म्हणजे विखुरलेपणाचीच, चाचणी करून दोन्ही ओळी छापतं. मी तो जिना चढायला सांगत नाही. लहान नमुन्यात त्या चाचणीलाच फरक ओळखता येत नाही, म्हणजे जिथे मदत हवी तिथेच ती गप्प बसते. सरळ टाइप ३ घ्या. आर या सॉफ्टवेअरमध्ये तर न सांगता तोच चालतो. एक सूचना: एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसच्या मेनूतून काढलं तर स्वाधीनता मात्रा पूर्णांकात दिसते आणि सूत्राने काढलं तर आतल्या आत अपूर्णांकच वापरला जातो. पी-मूल्यात बारीकसा फरक दिसला तर घाबरू नका.

टाइप ३ मागचं गणित सोपं नाही, आणि इथे एका आपल्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. प्रचरणं असमान असताना दोन सरासऱ्यांची तुलना कशी करायची, हा प्रश्न बेहरेन्सने १९२९ मध्ये हाताळला आणि फिशरने पुढे नेला. त्या चाचणीला लागणारी कोष्टकं हाताने आकडेमोड करून तयार करणाऱ्यांत होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ चा जन्म, पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवी, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पीएचडी. त्यांचा हा लेख १९३८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या "संख्या" या नियतकालिकात आला. आज आपण जो टाइप ३ वापरतो तो वेल्चच्या १९४७ च्या पद्धतीचा आहे, तो वेगळ्या वाटेने गेला, पण प्रश्न तोच. मराठीतून संशोधन करणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण संख्याशास्त्र म्हणजे कुठून तरी आलेलं, आपलं नसलेलं काही, अशी एक भीती असते.

एकपुच्छ की द्विपुच्छ, याचं उत्तर झोपेच्याच उदाहरणात आहे. टाइप ३ ला द्विपुच्छ पी-मूल्य ०.०७९ होतं. एकपुच्छ घ्या, ते निम्मं होतं, ०.०४०. झालं सार्थक. आकडे पाहिल्यावर केलेली ही निवड म्हणजे बाण लागला तिथे जाऊन वर्तुळ काढणं. कृतियुक्त पद्धतीने मुलं मागेही पडू शकतात, उदाहरणार्थ वेळ कृतींत गेला आणि सराव राहिला म्हणून. ती शक्यता तुम्हाला कळायला हवी असेल, आणि शिक्षक म्हणून ती हवीच, तर द्विपुच्छ.

नमुना ३० च्या वर आहे म्हणून टी-चाचणीऐवजी झेड-चाचणी घ्यायची का, हा प्रश्नही पुढे येईल. टी घ्या. मोठ्या नमुन्यात दोन्ही जवळजवळ एक होतात, लहान नमुन्यात टी बरोबर असतो.

आता तुमच्या प्रयोगाकडे, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत एक मांडणी वारंवार दिसते. प्रायोगिक गटाच्या पूर्व आणि उत्तर चाचणीवर एक टी-चाचणी, नियंत्रित गटावर दुसरी. पहिली सार्थक, दुसरी असार्थक, म्हणून नवी पद्धत परिणामकारक. हा निष्कर्ष निघत नाही. समजा प्रायोगिक गटाची सरासरी वाढ ५ गुण, प्रमाण त्रुटी २. टी २.५, सार्थक. नियंत्रित गटाची वाढ ३ गुण, प्रमाण त्रुटी २. टी १.५, असार्थक. पण दोन वाढींतला फरक २ गुणांचा, त्याची प्रमाण त्रुटी २.८३, टी ०.७१. दोन गटांत फरक दाखवण्याइतपत पुरावा इथे नाहीच. एक रेषेच्या वर आणि एक खाली, एवढ्यावरून त्या दोघांत फरक आहे असं म्हणता येत नाही.

मग करायचं काय? प्रत्येक मुलाचा उत्तरगुण वजा पूर्वगुण काढा, त्या रकान्याला "वाढ" म्हणा. प्रायोगिक गटाच्या ४० वाढी आणि नियंत्रित गटाच्या ४० वाढी यांच्यावर एकच टाइप ३. यात जोडीचा फायदाही मिळतो, कारण मूल स्वतःशीच वजा झालं, आणि तुलनाही योग्य ठिकाणी होते, गटागटांत. पूर्वगुण सहचल (सोबत हिशोबात धरायचा आकडा) म्हणून घेऊन सहप्रचरण विश्लेषण, म्हणजे पूर्वगुणांतला फरक लक्षात घेऊन गटांची तुलना, केलंत तर आणखी चांगलं, पण वाढीची टी-चाचणी समजली असेल तरच तिकडे जा.

जी मुलं पूर्व चाचणीला होती आणि उत्तर चाचणीला नव्हती, त्यांची ओळ हिशोबातून जाईल, पण ती किती होती आणि का गेली ते लिहा. तुमची शाळा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या भागातली असेल आणि दोन चाचण्यांच्या मध्ये दिवाळी येऊन गेली असेल, तर गळालेली मुलं कोण आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उरलेली सरासरी मग राहिलेल्या मुलांची आहे, वर्गाची नाही.

आणि आता ती मोठी अडचण. तुमच्या प्रयोगात पद्धत मुलाला मिळालेली नाही, तुकडीला मिळाली आहे. ४० मुलं एकाच शिक्षकाकडे, एकाच खोलीत, वेळापत्रकातल्या त्याच तासाला शिकली. ती एकमेकांसारखी होत जातात. टी-चाचणी मात्र असं धरते की ४० मुलं म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले ४० साक्षीदार. तुकडीतल्या मुलांमधलं हे सारखेपण, ज्याला आंतरवर्गीय सहसंबंध म्हणतात, ते ०.१ जरी धरलं तरी सरासरीचं प्रचरण १ अधिक ३९ गुणिले ०.१, म्हणजे ४.९ पट होतं, आणि ४० मुलांचं वजन साधारण ८ स्वतंत्र मुलांइतकंच उरतं. त्यातही प्रत्येक बाजूला तुकडी एकच असेल तर पद्धतीचा परिणाम आणि तुकडीचा परिणाम कुठल्याच गणिताने वेगळा काढता येत नाही. एका तुकडीचा तास सकाळी आणि दुसरीचा जेवणानंतर असेल, तर तेवढ्यानेही फरक पडू शकतो, आणि टी-मूल्य तो फरक पद्धतीच्या नावावर जमा करेल.

प्रयोग अजून करायचा असता तर मी म्हटलं असतं, मुलं वाढवू नका, तुकड्या वाढवा. सहा शाळांतल्या दोन-दोन तुकड्या घ्या, प्रत्येक शाळेत कुठल्या तुकडीला नवी पद्धत ते चिठ्ठीने ठरवा, आणि प्रत्येक तुकडीची सरासरी वाढ हा एक आकडा धरून सहा जोड्यांवर टाइप १ चालवा. सहा आकड्यांची चाचणी ऐंशी आकड्यांच्या चाचणीपेक्षा जास्त विश्वासाची ठरेल. तुमचा प्रयोग होऊन गेला आहे, तर ही मर्यादा मर्यादांच्या प्रकरणात एका ओळीत न उरकता निकालाच्याच पानावर, टी-मूल्याच्या खाली लिहा. परीक्षकांपासून लपवण्यासारखं त्यात काही नाही. चांगला परीक्षक तेच वाचून तुमच्यावर विश्वास ठेवेल.

शेवटचा मुद्दा "स्वीकार" या शब्दाचा. झोपेच्या आकड्यांवर टाइप ३ चालवून ०.०७९ आलं तेव्हा कुणी लिहिलं असतं, "शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो, दोन औषधांत फरक नाही." पण त्याच हिशोबाचा ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावा असं माहिती सुचवते तो पट्टा, −०.२ ते ३.४ तास आहे. म्हणजे फरक शून्य असू शकतो, आणि तीन तासांहून जास्तही असू शकतो. रात्री तीन तासांची झोप आणि "फरक नाही" ही दोन वाक्यं एकत्र नांदू शकत नाहीत. जोड्या धरून केलेल्या योग्य हिशोबात तोच अंतराल ०.७ ते २.५ तास होतो, आणि तिथे शून्याला जागाच नाही. फरक सापडला नाही याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की शोधण्याइतकी माहिती नव्हती. गुणांचं प्रमाण विचलन १० असेल आणि ५ गुणांचा फरक पकडायचा असेल, तर ८० टक्के वेळा तो सापडावा म्हणून दर गटात साधारण ६४ मुलं लागतात, तीही एकमेकांशी संबंध नसलेली. ४० मुलांत ५ गुणांचा खरा फरकही बऱ्याचदा निसटून जाईल.

म्हणून त्या ठरीव वाक्याऐवजी असं लिहा: "दोन्ही गटांच्या सरासरी वाढीतील फरक इतके गुण असून त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल इतके ते इतके गुण आहे. शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यास पुरेसा आधार मिळाला नाही." सार्थक आलं तरी अंतराल द्याच. वाढीतला फरक ०.०१ पातळीवर सार्थक असेल आणि तो फरक ५० पैकी अर्ध्या गुणाचा असेल, तर त्यासाठी सगळ्या शिक्षकांनी पद्धत बदलावी का, हे वाचणाऱ्याला अंतरालावरूनच ठरवता येतं.

आज संध्याकाळी एवढंच करा. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात हजेरी क्रमांक आहे ना ते बघा, आणि मूळ उत्तरपत्रिकांशी कुठलीही पाच मुलं जुळवून पाहा. मग आलेखाच्या कागदावर दोन उभ्या रेघा ओढून एका रेघेवर प्रायोगिक गटाच्या ४० वाढी आणि दुसरीवर नियंत्रित गटाच्या ४० वाढी ठिपक्यांनी मांडा. एखादा ठिपका फारच दूर पडला तर ते मूल कोण ते आठवा, तुम्ही त्याला शिकवलं आहे. त्यानंतर एक्सेल उघडा, वाढीचे दोन रकाने निवडा, शेपट्या २ (म्हणजे द्विपुच्छ), टाइप ३.